हेमराजची हाडं

पवनीजवळच्या उत्खननावर कुंताबाई ब्रशने माती झाडायची. एकेका हाडाला अख्खी सकाळ जाई, पण तिच्या हातून एकही तुटलं नाही. तिनेच उघड्या केलेल्या एका तान्ह्या बाळाच्या हाडांची तपासणी झाली होती.

"हाडातल्या नायट्रोजनवरून कळलं, बाई," उत्खनन पाहणाऱ्या डिंपल मॅडम म्हणाल्या. "लेकरू आईच्याच दुधावर होतं."

कुंताबाईचा हात थांबला. तिचा हेमराज तान्हाच गेला. पोराला पेजेवर ठेवून ही धानाच्या रोवणीला गेली, असं सासूने गावभर सांगितलं आणि नवऱ्याने ते आजवर खरं धरलं. ती मात्र चिखलाच्या पायांनी घरी धावत येऊन त्याला पाजत होती.

"माह्या पोराचे हाडं तपासाल का, मॅडम? आमचा बुढा मानंल मंग."

"कुठे पुरलंय, ठाऊक आहे?"

"तलावाच्या काठाले..." ती बोलता बोलता थांबली.

दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात तलाव खोल केला, तेव्हा काठासकट सगळा गाळ ट्रॅक्टरने गावाच्या धानाच्या शेतांत, बांध्यांत पडला. तिच्याही बांधीत पडला होता. त्या धानाचा भात ती वर्षभर जेवली होती.