अर्धं उघडं दार

सावद्याला केळीचे ट्रक रंगवणारा तो माणूस सीमेपलीकडून, सिंधमधून, निर्वासित होऊन आलेला. ब्रश कानामागे खोचायची सवय, त्यामुळे तिथले पांढरे केस निळे झालेले. नंबर, मोर, झेंडूच्या माळा, सांगाल ते काढायचा. पण मागच्या फाळक्यावर न विचारता एक निळं दार काढायचा, नेहमी अर्धं उघडं. ते झाल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही.

माझ्याही ट्रकवर काढलं. मी खेकसलो, "लावून टाक ते दार! उघड्या दाराचा ट्रक बरा दिसतो का?"

"भाऊ, अम्मा तिकडेच राहिली. म्हणाली, जिथं राहशील तिथं दार उघडं ठेव, मी येईन मागून. तुमची केळी तर पार बॉर्डरपर्यंत जाते ना?"

मला कळलं होतं. तरी म्हणालो, "ट्रक माझा आहे."

त्याने ब्रशने दार बंद केलं. वर कडीही रंगवली. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

पुढच्या हंगामात तो सावद्यात दिसला नाही. त्याने रंगवलेले ट्रक अजून रस्त्यात भेटतात. सगळ्यांची दारं उघडी आहेत. बंद आहे ते फक्त माझं.