एका हाताचं कपाट

बस डेपोत त्याला सगळे भोंगा म्हणायचे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती अर्धा तास उशिरा येणार, हे लोकांनी पंचवीस वर्षं त्याच्याच आवाजात ऐकलं होतं. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, माणूस मात्र फारसा कुणी बघितलेला नाही, कारण बसायचं ते वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत. तरी पठ्ठ्या रोज लग्नाला निघाल्यासारखा नटून यायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, वर जाकीट, मनगटाला चकचकीत कफलिंक. "तुला तिथं बघतंय कोण?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "मला मी दिसतो ना!"

छप्पन्नाव्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय तीन महिन्यांत चालता झाला, डावा हात मात्र खांद्यापासून लोंबकळला तो लोंबकळलाच. डॉक्टर म्हणाले, "आवाज ठणठणीत आहे, खुशाल कामावर जा." घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण कामावर जायचं म्हणजे आधी कपडे घालायचे, आणि घोडं तिथंच अडलं. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. आठला दुकान तिनंच उघडायचं. त्याआधी नवऱ्याची बटणं, कफलिंक, टाय, पट्टा, बुटांच्या नाड्या. चाळीस मिनिटं कुठं जायची कळायचं नाही. तिला रोज उशीर व्हायला लागला. ती तोंडानं काही बोलायची नाही, पण टायची गाठ दिवसेंदिवस जास्त आवळली जातेय हे त्याच्या गळ्याला कळत होतं.

खरी पंचाईत झाली डेपोतल्या स्वच्छतागृहात. एका हातानं पट्टा सुटला, पँटचा आकडाही सुटला, पण परत लागेल तर शपथ. भिंतीला टेकून बघितलं, पोट आत ओढून बघितलं, कोपरानं दाबून बघितलं. शेवटी बाहेर हात धूत असलेल्या मिशीवाल्या ड्रायव्हरला हाक मारावी लागली. मिशीवाला जुना दोस्त. त्यानं आकडा लावला, पट्टा आवळला आणि खांद्यावर थाप मारून निघून गेला. भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सोपा उपाय काढला. कामावर पाणीच प्यायचं नाही. ना पाणी, ना चहा, ना ती कटकट.

चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी दुपारी "फलाट क्रमांक सात"मधला "सा" उमटला आणि पुढं नुसती हवा आली. त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली, तर घशातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. खाली उभे असलेले लोक माना वर करून काचेकडे बघायला लागले. कुणीतरी हसलंही.

डेपोचे साहेब जिना चढून वर आले. "काय हो, घसा बसला? पाणी प्या की." त्यांनीच टेबलावरची बाटली उचलली आणि थबकले. "ही तर गळ्यापर्यंत भरलेली आहे. सकाळपासून घोटभरसुद्धा नाही?"

भोंगा आधी उगाच इकडचं तिकडचं बोलला. मग खाली बघत खरं काय ते सांगून टाकलं. साहेबांनी बाटली परत टेबलावर ठेवली. "चार दिवस सुट्टी घ्या आणि याच्यावर काहीतरी इलाज करा," ते म्हणाले. "मला तुमचा आवाज हवाय. पट्टा नसला तरी चालेल."

इलाज म्हणजे ताई. भोंग्याची थोरली बहीण शिवणकाम करायची. दुसऱ्याच दिवशी ती कात्री, टेप आणि टाचण्यांचा डबा घेऊन हजर झाली. आल्या आल्या तिनं सगळं कपाट पलंगावर रिकामं केलं आणि हाताची घडी घालून खुर्चीत बसली.

"घाल."

"काय?"

"एकेक कपडा. एकट्यानं. जो तुला घालता येतो आणि काढताही येतो, तो तुझा. बाकीचे ज्याचे असतील त्याचे."

"ताई, एका हातानं टाळी वाजत नाही."

"टाळी कुणाला पाहिजे? पँट घाल."

पँटा एकामागून एक बाद झाल्या. शर्टांची तीच गत. उजव्या मनगटाचं बटण लावायला डावा हात लागतो, ही गोष्ट त्याच्या छप्पन्न वर्षांत कधी ध्यानात आली नव्हती. अंगाला घट्ट बसणाऱ्या एका स्वेटरात तर डोकं अडकलं ते अडकलंच. दारात उभी असलेली बायको पुढं धावली. "तू मधे पडू नकोस," ताई म्हणाली. आतून स्वेटर काहीतरी अर्वाच्य बोलला. बायकोला हसू आवरेना, आणि मग स्वेटरालाही.

तासाभरानं पलंगावर जेमतेम सहा कपडे उरले. भोंगा घामाघूम होऊन बसला. "संपलो मी," तो म्हणाला.

ताईनं त्याला पाणी दिलं. "आता सांग, दिवसभर तू करतोस काय?"

"बसतो. बोलतो. जिना चढतो. त्या खोलीत गारठा असतो."

"लग्नाकार्याला वर्षातून किती वेळा जातोस?"

"दोनदा. फार तर तीनदा."

"मग हे बावीस टाय कुणाच्या लग्नासाठी?"

त्यानं टायांचा ढीग हातानं बाजूला सारला.

पुढचे दोन दिवस दोघांनी मिळून ठरवलं. तीन पँटा, निळी, राखाडी आणि काळी. कमरेला इलॅस्टिक, पण बाहेरून दिसणार नाही असं. पाच शर्ट. त्यांची बटणं वरून शोभेला तशीच, आतून वेल्क्रोची चिकटपट्टी. उजव्या मनगटाचं बटण ताईनं इलॅस्टिकच्या दोऱ्यानं शिवलं, म्हणजे न उघडता हात पार होईल. खिसे सगळे उजवीकडे. एक सैल गळ्याचा स्वेटर. एक कोट, आतून गुळगुळीत अस्तराचा, आधी निकामी हात घालायचा आणि मग चांगला. बिननाडीचे बूट.

"कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर चालला पाहिजे," ताई म्हणाली. "सकाळी हातात येईल ते घाल. एकुलत्या एका हाताला आणखी विचार करायला लावू नकोस."

इलॅस्टिकचा तयार गाठीचा टायही ती करून देणार होती. भोंग्यानं हात जोडायचा आव आणला. "तो शाळेतल्या पोरांना दे." एक शेंदरी जाकीट मात्र त्यानं सोडलं नाही. ताई म्हणाली, "हे घालणार कसं?" तो म्हणाला, "घालणार नाही. असू दे." ताईनं ते परत कपाटात टांगलं.

सोमवारी त्यानं स्वतः कपडे घातले. सव्वीस मिनिटं लागली आणि चिकटपट्टी एक घर वर चिकटली. बायकोनं नुसतं बोट दाखवलं, त्यानं उचकटून पुन्हा लावली. तिला मोकळ्या वेळाचं काय करावं सुचेना, म्हणून ती चहाचा दुसरा कप घेऊन बसली. दुकान त्या दिवशी वेळेवर उघडलं. डेपोत दुपारपर्यंत पाण्याची बाटली रिकामी झाली आणि फलाट क्रमांक सात नीट सात म्हणून ऐकू आला.

जेवणाच्या सुट्टीत मिशीवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज साधाच?"

"साधा नाही, सुटसुटीत." भोंग्यानं पँटची कमर ताणून आतलं इलॅस्टिक दाखवलं.

मिशीवाल्यानं कुणी बघत नाहीसं बघून विचारलं, "ती कमरेची भानगड माझ्या पोटालाही जमेल का रे?" महिन्याभरात ताईकडे चार ड्रायव्हरांच्या पँटा आल्या.

सगळं गोड झालं असंही नाही. आरशासमोरून जाताना भोंगा पूर्वीसारखा थांबायचा नाही. कधी एखादा टापटीप प्रवासी खाली दिसला की त्याची नजर त्याच्या टायवर रेंगाळायची.

थंडी पडली तेव्हा एका स्वेटरावर भागेना. तो एकटाच दुकानात गेला. दुकानदार मदतीला पुढं झाला, त्याला त्यानं बाहेरच थांबवलं आणि कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा ओढला. पहिला स्वेटर गळ्याला घट्ट. दुसरा दिसायला देखणा, पण बाही हाताला धरून बसायची. तिसरा राखाडी, तिन्ही पँटांवर चालणारा. त्यानं तो घातला, काढला, पुन्हा घातला, आणि अंगावर तसाच ठेवून बाहेर आला.