वीणा खाली ठेवायची नाही

उत्तमराव घाग यांना गाता येत नाही, हे नांदिवलीच्या मारुती मंदिरात सगळ्यांना माहीत होतं. आवाज फाटका आणि सुराचा पत्ता नाही. म्हणून एकादशीच्या नामाला ते वीणा धरायचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात जन्मभर फिटरचं काम केलेलं, त्यामुळे पायांना उभं राहायची सवय होती. गळ्यात वीणा अडकवायची, तार छेडत 'रामकृष्णहरी' म्हणायचं. बाकीचे समोर टाळ घेऊन बसत.

मंडळ काढलं ते त्यांनी आणि सुधीरभाऊंनी. जुन्या चाळीच्या जिन्याखाली, दोघांनीच. सुधीरभाऊ बँकेतले, चार पुस्तकं वाचलेले, गोड गळ्याचे. नियमही त्यांनीच घालून दिले. सकाळच्या आरतीपासून दिवेलागणीपर्यंत नाम थांबायचं नाही. तोवर वीणा खाली ठेवायची नाही. पुढचा माणूस आला की त्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. बायकांनी टाळ वाजवावेत, वीणा घेऊ नये. हा शेवटचा नियम उत्तमरावांना कधी पटला नव्हता. पण सुधीरभाऊंनी घातलाय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं ते धरून चालायचे. चाळ पडली, टॉवर झाला, माणसं पांगली, तरी एकही एकादशी चुकली नाही.

त्या एकादशीला दुपारी सुधीरभाऊंनी स्वतः वीणा त्यांच्या गळ्यात घातली. वाकून पाया पडले.

"तीनला येतोच मी घ्यायला. चालेल ना?"

"न चालायला काय झालं? सावकाश जेवूनखाऊन या."

"एकादशीला जेवण, उत्तमराव?"

"बरं, साबुदाणा चापा!"

सगळे हसले. उत्तमरावांना बरं वाटलं. चारचौघांत त्यांच्या बोलण्यावर कोणी हसलं की त्यांना दिवसभर पुरायचं.

थोड्या वेळाने प्रभाकर टाळ ठेवून उठला. "बीपीची गोळी घरी राहिली. आलोच." तानाजीला नातीला शाळेतून आणायचं होतं. मग कोणी काही न सांगताच उठलं. नाम चालू असताना उत्तमरावांना विचारता येत नव्हतं, ते नुसती मान हलवत राहिले. तीन वाजले तेव्हा सभामंडपात ते एकटे होते. समोर टाळांचा ढीग, आणि अंथरलेली सतरंजी.

येतील, अडकले असतील. उत्तमराव म्हणत राहिले. साखरेचा आजार असल्यामुळे त्यांना फार वेळ लघवी धरवत नसे. मंदिराच्या मागेच संडास होता. पण वीणा गळ्यात घेऊन तिथे जायचं कसं, आणि ठेवायची कुठे? ते एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत उभे राहिले. घसा सुकला होता. नाम घेत होते, पण कान दाराकडे होते.

बाहेर चपला वाजल्या. त्यांनी आशेने पाहिलं. बायको होती, गंगुबाई. हातात चहाचा थर्मास.

"म्हणजे खरंच गेले सगळे?" ती दारातच थबकली.

उत्तमरावांनी भुवया उंचावल्या. नाम न तोडता बोलायचं म्हणजे दोन 'हरीं'च्या मधल्या फटीत बोलायचं. "कुठे?"

"माजिवड्याला! सुधीरभाऊजींच्या मुलाच्या कॉम्प्लेक्समध्ये मोठं नाम आहे आज. एसी हॉल आहे, बस केलीय. त्यांच्या घरच्या हेमाताई काल मला म्हणाल्या, चला. वर म्हणाल्या, तुमच्या यांना सांगू नका, भाऊजी स्वतः सांगतील. मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल आणि तुम्हीच नाही म्हणालात."

तिने फोन समोर धरला. स्टेजवर सुधीरभाऊ, डोक्याला फेटा, गळ्यात नवी कोरी वीणा. बाजूला प्रभाकर टाळ वाजवत होता. बीपीची गोळी घेतलेला चेहरा छान टवटवीत दिसत होता.

"द्या इकडे ती. तोंड बघा कसं झालंय!"

"नको. नियम आहे."

"नियम करणारा तिकडे फेटा बांधून बसलाय!"

तरी त्यांनी दिली नाही. गंगुबाई टाळ घेऊन खाली बसली आणि तीही म्हणू लागली.

दिवे लागायच्या थोडं आधी सुधीरभाऊ आले. हातात राजगिऱ्याच्या लाडवांचा खोका.

"काय सांगू उत्तमराव, शीळफाट्याला अडकलो. गाडी जागची हलेना."

"येताना अडकलात," उत्तमराव म्हणाले. "जाताना?"

सुधीरभाऊ किंचित गोंधळले. मग नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का इथलं सोडून? नसता आलात. आणि तुम्ही इथे उभे आहात म्हणूनच तर आम्ही निर्धास्त गेलो. इथलं नाम खंडलं असतं तर मनाला लागलं असतं हो. आता पुढची एकादशी आम्ही सगळे तिकडेच करणार. तुम्ही मात्र इथलं सांभाळा. तुमच्यासारखा भरवशाचा माणूस नाही."

म्हणजे ती वीणा विसरून गळ्यात राहिली नव्हती. जाणाऱ्यांना टोचणी नको, म्हणून ती घातली होती. आणि घालताना हा माणूस पायाही पडला होता.

"आणा, घेतो." सुधीरभाऊंनी हात पुढे केले.

उत्तमरावांनी वीणा गळ्यातून काढली, वळले, आणि गंगुबाईच्या गळ्यात घातली.

"उत्तमराव, अहो, बायकांनी... मंडळाचा नियम आहे आपला!"

"मंडळ माजिवड्याला गेलं."

मग ते वाकले आणि बायकोच्या पाया पडले. "अहो, काय हे!" ती मागे सरली, पण पुढचा 'रामकृष्णहरी' तिने चुकवला नाही. वीणा छातीशी धरून तीही कशीबशी वाकली.

उत्तमराव भिंतीला धरत धरत मागे गेले. संडासात उभं असताना गंगुबाईचं नाम ऐकू येत होतं. तार भलतीच लागत होती. सुधीरभाऊंचा आवाज त्यात नव्हता. हातपाय धुऊन ते दाराशी आले तेव्हा लाडवांचा खोका पायरीवर होता, सुधीरभाऊंच्या चपला नव्हत्या.

ते सतरंजीवर बसले, टाळ उचलले. हात चालले, ओठही हलले, पण आवाज फुटेना. तीनपासून आपण नाम घेतलंच कुठे, त्यांच्या मनात आलं. आपण नुसती सुधीरभाऊंची वाट पाहिली.