अमृतरावांचे त्रेचाळीस ट्रॅक्टर

वांकिडीच्या अमृतरावांकडे त्रेचाळीस ट्रॅक्टर होते आणि त्यांतला सगळ्यात मोठा वीतभर लांब होता. शेत चार एकर, कापूस आणि ज्वारी. तिथली सगळी कामं बैलजोडीनेच व्हायची. खरा ट्रॅक्टर त्यांना चालवता येत नव्हता आणि शिकण्याची इच्छाही नव्हती. "त्याचा आवाज लई," एवढंच कारण ते सांगत.

हा नाद त्यांना चाळिशीनंतर लागला. नागपूरच्या कृषी प्रदर्शनात ते फवारणीचा पंप पाहायला गेले होते. एका मांडवात लाल ट्रॅक्टर उभा होता आणि शेजारच्या टेबलावर त्याचाच हुबेहूब लहानसा नमुना. स्टिअरिंग फिरत होतं, मागचा नांगर वर-खाली होत होता. विक्रेत्याने तासभर खऱ्या ट्रॅक्टरचे गुण सांगितले. अमृतरावांनी सगळं मन लावून ऐकलं आणि टेबलाकडे बोट दाखवून विचारलं, "हा कितीले?"

तो विकायचा नव्हता. ट्रॅक्टर घेणाऱ्यालाच तो भेट मिळत असे. अमृतराव दोन दिवस त्या मांडवात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मांडव मोडताना विक्रेत्यानेच कंटाळून तो त्यांच्या पिशवीत टाकला. पंप घ्यायचा राहूनच गेला.

त्यानंतर जिथे प्रदर्शन तिथे अमृतराव. नागपूर, यवतमाळ, नांदेड, हैदराबाद. त्यांच्या पत्नी बयनाबाई म्हणत, "लोकं देव पाह्यले जातेत, आमचे हे टायर पाह्यले जातेत." तरी कपाटाच्या काचा त्याच पुसत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून झाली की हाताला उरलेलं त्या ट्रॅक्टरांच्या बोनेटांनाही लावत. तुपाला मुंग्या लागत, आणि पोळ्याची सकाळ अमृतराव रंगाच्या ब्रशने मुंग्या झाडण्यात घालवत.

प्रत्येक ट्रॅक्टरला नखाएवढी पत्र्याची नंबर प्लेट होती. आधी तिच्यावर एपी ०१ असायचं, म्हणजे आंध्र प्रदेश, आदिलाबाद जिल्हा. तेलंगण राज्य वेगळं झालं तेव्हा जुन्या गाड्यांचे नंबर बदलावे लागतील की नाही यावर गावात वाद चालू होता. तो मिटायच्या आत अमृतरावांनी सगळ्या प्लेटा टीएस ०१ करून टाकल्या. मग २०१६च्या दसऱ्याला आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि वांकिडी आसिफाबादकडे गेली. नव्या जिल्ह्याचा नंबर वीस आहे हे कळताच भिंग आणि बारीक ब्रश पुन्हा बाहेर आले.

"काऊन करता हो हे? तुमच्या ट्रॅक्टरले कोन पोलीस धरून राह्यला?" बयनाबाईंनी विचारलं.

"धरत नाही मनून खोटा नंबर लावाचा काय?"

या खरेपणानेच पुढच्या वर्षी घोटाळा केला.

त्यांची थोरली बहीण प्रयागबाई आमच्या गुडीहत्नूरला दिलेली, आणि आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातच राहिलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आळीत तान्हा पोळा भरतो. ही चाल नागपूरकडच्या सोयऱ्यांबरोबर आली. मुलं लाकडाचे बैल सजवून आणतात, तोरणाखाली रांगेत उभी राहतात, पंच फिरून पाहतो आणि नंबर देतो. पंच मी. शाळेतून निवृत्त झाल्यावर नंबर देण्याचं एवढंच काम गावाने माझ्यासाठी शिल्लक ठेवलं होतं. अमृतराव दर वर्षी बहिणीकडे येत आणि रांगेबाहेर हात मागे बांधून उभे राहत. त्यांचं एकच मागणं होतं, आपला एक ट्रॅक्टर त्या तोरणाखाली उभा राहावा.

"बैलाचंच काम करते ना तो, गुरुजी," ते म्हणत.

सहा वर्षं कमिटीने नाही म्हटलं. सातव्या वर्षी कमिटीचे अध्यक्ष, किराणा दुकानवाले भगवानराव, यांची नात बैल नको म्हणून लाकडाची म्हैस घेऊन बसली. म्हशीला होकार दिल्यावर ट्रॅक्टरला नाही म्हणायला भगवानरावांना तोंड उरलं नाही.

अमृतराव दोन बस बदलून आले. मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं. त्यात नागपूरचा तो पहिला लाल ट्रॅक्टर, ज्याला इतक्या वर्षांत धुळीचा कण लागू दिला नव्हता. स्टिअरिंगला घुंगरू, दोन्ही दिव्यांवर झेंडूच्या पाकळ्या. भगवानराव कौतुकाने वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"पाहुणे, हे तं टीएस वीस हाय."

"हाय ना. जिल्हा बदलला आमचा."

"मंग कसं जमन? बॅनर वाचा."

बॅनरवर 'फक्त आदिलाबाद जिल्ह्यासाठी' असं होतं. ते भगवानरावांनीच लिहून घेतलं होतं. जिल्हा चौथाई उरल्यापासून त्यांचा जिल्ह्याचा अभिमान चौपट झाला होता.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मामा, खरडा की थोडं. शून्य एक करा, पाच मिनटाचं काम."

अमृतरावांनी ट्रॅक्टर छातीशी धरला. "खोट्या नंबरानं तोरनाखाली नाही जात मी. वापस जातो." आणि ते खोकं बंद करू लागले. पाठ केलेली कविता ऐन वेळी विसरलेल्या मुलाचा जसा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

तेवढ्यात प्रयागबाई पुढे आल्या. "भगवान, तुह्या जोडीतला पांढरा बैल कुठचा रे?"

"किनवटच्या बाजारातला, अक्का."

"म्हंजे तो तं दुसऱ्या राज्यातला. काल तोरनाखाली होता का नाही?"

"होता. पन तो वर्षभर इथं राबला ना."

"मंग ह्यालेही राबव. माह्या दारात मेथीचा वाफा पडून हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पोळ्यात बैल कुणाच्या गोठ्यात जन्मला हे कुणी विचारत नाही, कोणत्या शिवारात राबला ते पाहतात. प्रयागबाईंचं म्हणणं रीतीला धरून होतं. मी निकाल दिला की ट्रॅक्टरने या गावच्या मातीत नांगराचं एक तास काढलं, तर तो या गावचा.

अमृतरावांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं.

"माती ओली हाय, गुरुजी."

"पेरणीला ओलीच लागते," मी म्हणालो.

त्यांनी धोतर खोचलं, गुडघ्यांवर बसले, घुंगरू काढून खिशात ठेवलं आणि नांगर खाली केला. मग तोंडाने फटफट आवाज काढत ट्रॅक्टर ढकलायला लागले. मागून प्रयागबाई मेथी टाकत होत्या. "सरळ धर, अमृता. बाबाचं तास असं वाकडं नव्हतं." तास वाकडंच निघालं, पण निघालं.

ते उठतात न उठतात तोच भगवानरावांच्या नातीने म्हैस वाफ्यात उतरवली. "माही म्हैस पन राबते." त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलं नाही. पाव तासात तीस लाकडी बैलांनी प्रयागबाईंचा सगळा वाफा नांगरून काढला. झुली, बेगड, शिंगांचे गोंडे, सगळं चिखलात. रांग पुन्हा लागली तेव्हा कोणता बैल कुणाचा हेच कळेना. त्या वर्षी पहिला नंबर मला देता आला नाही. अमृतराव सातव्या जागी, कमरेएवढ्या दोन मुलींच्या मध्ये, ट्रॅक्टर दोन्ही हातांत धरून उभे होते. तोरण तुटलं तसे ते मुलांबरोबर पळत सुटले.

पोळा फुटल्यावर मुलं बैल घेऊन दारोदार बोजारा मागतात, म्हणजे खाऊ किंवा काहीबाही. आमच्या दारी आली त्या रांगेत अमृतरावही होते. आमच्या घरच्या मंडळींनी, तुळजाबाईंनी, प्रत्येकाच्या हातावर करंजी ठेवली, त्यांच्याही. ते तिथून हलले नाहीत.

"हे माहं झालं, वहिनी. याचं?" त्यांनी ट्रॅक्टर पुढे धरला.

चाकांत चिखल बसून वाळला होता, मागचं चाक फिरत नव्हतं. तुळजाबाई आत गेल्या आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आल्या. त्यांनी चार थेंब सोडले. अमृतरावांनी बोटाने चाक फिरवून पाहिलं, आधी कुपीला आणि मग त्यांना नमस्कार केला, आणि मुलं पुढच्या दारी पोचली होती म्हणून घाईने पायरी उतरले.