भीमराजला न मिळालेली खुर्ची

जामखेडजवळच्या वाडीतला भीमराज हवाई दलातून निवृत्त होऊन घरी आला, तेव्हा जो भेटेल तो विचारायचा, "विमानात किती वेळा बसलास?" भीमराज विषय बदलायचा. तो हवाई तळावरचा आगीचा बंब चालवायचा. विमान उतरताना आणि उडताना धावपट्टीच्या कडेला इंजिन चालू ठेवून बसायचं, काही पेटलं तर धावायचं. सगळ्या नोकरीत काही पेटलं नाही, आणि त्याला कधी कुणी वर नेलं नाही.

एकदाच त्याने स्वतःहून मागितलं होतं. आसामात असताना वडील गेल्याचा फोन आला. दुपारी पुण्याकडे जाणारं विमान उभं होतं. साहेब म्हणाले, "ते नेत्यांच्या दौऱ्यासाठी राखलंय, जमणार नाही." नेता आला, सोबत मोजकी माणसं चढली, आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या घेऊन विमान उडालं. भीमराज त्याच विमानासाठी गाडी चालू ठेवून बसला होता. नंतर तो रेल्वेने निघाला. घरी पोचला तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं.

हे दुःख त्याने गिळलं. सम्राटचं मात्र त्याला गिळता आलं नाही.

सम्राट त्याचा चुलतभाऊ. दोघं भरतीला बरोबर गेले होते. सम्राटची छाती मापात बसली नाही, तो रडत परतला, आणि भीमराजने त्याला एसटीत ऊस खायला घालून समजावलं होतं. तेव्हा समजावताना किती बरं वाटलं होतं! पुढे सम्राट कॉलेज शिकला, पक्षाच्या कार्यालयात चिकटला, आणि बघता बघता दिल्लीच्या एका मंत्र्याचा स्वीय सहायक झाला. भीमराज तोवर जामखेडच्या एका कॉलेजात सुरक्षारक्षकांचा मुकादम झाला होता. घरी आई, भिमाबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सम्राटचेच फोटो दाखवायची. "ह्यो बघा आमचा सम्राट, मंत्र्याच्या बाजूला." भीमराजचा वर्दीतला फोटो भिंतीवर होता. तिकडे कुणाचं लक्ष जात नसे.

गेल्या हिवाळ्यात मंत्री रुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला यायचे ठरले. कॉलेजच्या मैदानावर चुन्याने गोल आखला, टँकरने पाणी मारलं, आणि भीमराजला फाटकावर उभं केलं. हवाई दलाचं हेलिकॉप्टर उतरलं. मंत्री उतरले, दोन अधिकारी उतरले, मागून सम्राट. आणि त्याचा हात धरून, पदर सावरत, त्याची बायको माधुरी उतरली. भरजरी साडी, अंबाड्यावर गजरा. तिच्या बहिणीचं लग्न त्याच दिवशी गावात होतं, हे भीमराजला माहीत होतं. त्यालाही पत्रिका आली होती.

"दादा!" सम्राटने लांबूनच हात केला. "संध्याकाळी मांडवात या!"

भीमराजने सलाम ठोकला. का ठोकला, ते त्यालाच कळलं नाही. मनात एकच आलं: माझा बाप मेला तेव्हा जागा नव्हती, आणि हिला करवली म्हणून मिरवायला आहे.

मांडवात तो गेला नाही. चहाच्या टपरीवर तालुक्याच्या बातम्या देणारा गोरक्ष बसला होता, त्याच्याजवळ जाऊन बसला.

"सरकारी हेलिकॉप्टरातनं लग्नाला आलेलं चालतं का रे?"

गोरक्षने कप खाली ठेवला. "कोण आलं?"

"माझं नाव घेणार नसशील तर सांगतो."

बातमी आधी मोबाईलवर फिरली, मग वाहिन्यांवर. माधुरीचा गजऱ्यातला फोटो घराघरांत पोचला. मंत्री म्हणाले, आपल्याला कल्पनाच नव्हती. आठवड्याच्या आत सम्राटची नोकरी गेली. भीमराज घरी बातम्या बघत होता आणि आईला आवाज वाढवायला सांगत होता. त्या रात्री तो पोटभर जेवला.

एरवी दिवाळीशिवाय गावी न फिरकणारा सम्राट मग बायकोला घेऊन वाडीवर राहायलाच आला. पहिल्याच संध्याकाळी दोघं भिमाबाईला भेटायला आले. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पिठलं-भाकरी वाढली.

"साहेबच म्हणाले हुते, जागा हाय, घे वहिनींना," सम्राट म्हणाला. भाकरी त्याच्या हातातच राहिली. "कुणी सांगितलं असंल, दादा?"

माधुरीने मान वर केली नाही.

"कुणास ठाऊक," भीमराज म्हणाला. "लई लोक हुते मैदानात."

मग भिमाबाईनेच विचारलं, "जाऊ दे रं. पर वरून कसं दिसतं, त्ये तरी सांग."

सम्राटचा चेहरा हळूहळू उजळला. त्याने ताट बाजूला सारलं. खर्ड्याचा किल्ला तळहातावर ठेवावा एवढाच दिसतो, तळी आरशाच्या तुकड्यांसारखी चमकतात, रस्त्यावरचे टेम्पो मुंग्यांसारखे सरकतात. "आणि काकू, तुमचं घर दिसलं. तुमी अंगणात हुता, हिरवं लुगडं नेसून."

"म्या?" भिमाबाई हरखली. "व्हय की, हिरवंच हुतं! म्या वर बघितलं हुतं बाळा!"

माधुरीही हसली, कितीतरी दिवसांनी. तिघं बोलत राहिले. नोकरी गेलेला, नाव खराब झालेला सम्राट आईच्या पुढ्यात बसून हातांनी आकाश दाखवत होता, आणि ती डोळे मोठे करून बघत होती. भीमराजला वाटलं होतं, आता आपलं मन शांत होईल. पण सम्राटने वरून जे बघितलं ते त्याच्याकडेच राहिलं होतं. ते कुठल्या बातमीने काढून घेता येत नव्हतं.

"दादा, तुमी तर कितींदा बघितलं असंल," माधुरी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

भीमराज उठला आणि पाणी आणतो म्हणून आत गेला.