लोणच्याच्या रांजणातला चारपायी साप

नालुंगच्या डोंगरावर त्सेन ग्वांगलू वीस वर्षं दगड राखतो आहे. "दगड काय पळून जातात होय?" असं कुणी विचारलं, की तो खाकी टोपी सारखी करतो आणि म्हणतो, "पळत नाहीत, पळवतात."

ते खोटं नाही. चीनमधल्या शिंगयीजवळच्या या डोंगरांचा दगड पाटीसारखा थराथरानं सुटतो, आणि मध्येच एखाद्या थरात वीतभर लांबीचा, लांब मानेचा प्राणी निघतो, पोहता पोहता डोळा लागल्यासारखा. इथे समुद्र होता तेव्हाचा. शहरातले लोक त्याला ड्रॅगन म्हणतात. गावात तो चारपायी साप, आणि पूर्वी त्याचा मुख्य उपयोग डुकरांच्या खोपटाला भिंत घालण्यापुरताच होता.

मग असे दगड खणायला, विकायला आणि घरी ठेवायला बंदी आली. ग्वांगलूला टोपी मिळाली, शिट्टी मिळाली, आणि भोंगा मिळाला. माणसाच्या हाती भोंगा आला की काय होतं ते सांगायला नको. तो गल्लीगल्लीतून ओरडत फिरला, "ज्याच्या घरी दगड असेल त्यानं आपल्या पायानं आणून द्यावा! आणून देणाऱ्याला शिक्षा नाही! लपवणाऱ्याची गय नाही!" शेजारच्या बानच्या चुलीचा दगड त्यानं स्वतः पहारीनं उचकटला, बानच्या घरची भाताची मडकी पुढे महिनाभर कलंडत होती. सख्ख्या आत्याचा उंबरासुद्धा त्यानं सोडला नाही.

फक्त एका घरी तो गेला नाही. स्वतःच्या.

त्याचं असं झालं होतं. बंदीच्या खूप आधी, शेत खणताना त्याच्या कुदळीखाली एक दगड फुटून पुस्तकासारखा उघडला होता. एका पानावर प्राणी स्पष्ट होता. तो शहरातून आलेल्या अभ्यासकांनी एक बॅटरी आणि सिगारेटचं पाकीट देऊन नेला. दुसऱ्या पानावर नुसते डाग. ते त्याच्या बायकोनं, आश्यूनं, उचललं आणि मोहरीच्या पाल्याचं आंबट लोणचं घालते त्या रांजणात वजनाला ठेवलं. पुढे पहारेकऱ्यांच्या शिक्षणवर्गात ग्वांगलूला कळलं, की फुटलेल्या दगडाची दोन्ही पानं मोलाची असतात. तो घरी येऊन म्हणाला, "तो दगड द्यावा लागेल." आश्यू म्हणाली, "आधी तसा दुसरा आण." तसा दुसरा आणायला बंदी होती, आणि बंदीवर पहारा त्याचाच होता.

त्या दिवसापासून त्यानं घरचं लोणचं खाल्लं नाही. दात दुखतात म्हणाला.

या वर्षी डॉक्टर मेंग आल्या. तिशीतली बाई, बूट चिखलाचे, गळ्यात भिंग. गावच्या लहानशा संग्रहालयातल्या सगळ्या चारपायी सापांची वर्गवारी त्या नव्यानं लावणार होत्या. कुणाला वेगळी जात मानलं होतं, कुणाला नुसतं पिल्लू, ते सगळं पुन्हा तपासायचं. ग्वांगलूच्या शेतातला प्राणी काचेच्या पेटीत मधोमध होता. घोट्यात दोनच हाडं, म्हणून जात वेगळी, असं पाटीवर लिहिलेलं.

"त्सेन काका, हा तुमच्याच शेतातला ना?" बाई म्हणाल्या. "दगड फुटतो तेव्हा काही हाडं या पानाला चिकटतात, काही त्या. तिसरं हाड त्या बाजूला गेलं असेल, तर ही जात वेगळी नाहीच. दुसरं पान कुठे आहे?"

"नव्हतंच," ग्वांगलू म्हणाला, आणि टोपी सारखी केली.

"मग शुक्रवारी दोन हाडं लिहून टाकते. जे दिसतं तेच लिहिणार."

बाई निघून गेल्या आणि तो पेटीसमोर उभा राहिला. पोटाची चिंता नव्हती, भात पिकत होता. पण टोपी गेली तर बान कसा हसेल, ते त्याला आताच ऐकू येत होतं. आणि गप्प बसलं तर ते बिचारं जनावर कायमचं चुकीच्या घरात. जन्मभर दुसऱ्यांचे उंबरे उचकटले, आणि स्वतःचा एक रांजण उचकटवत नाही!

शुक्रवारी सकाळी तो रांजणापाशी गेला.

"म्हाताऱ्या, हात धुतलेस का?" आश्यू ओरडली.

"दगड नेतोय."

"अजून आठ दिवस मुरायचंय ते!"

"माझं वीस वर्षं मुरतंय."

आश्यूनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दगड पुसायला स्वतःचं फडकं दिलं.

संग्रहालयात त्यानं ते दगडाचं पान टेबलावर ठेवलं, टोपी काढून शेजारी ठेवली, आणि वाटेत पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "मी, त्सेन ग्वांगलू, वीस वर्षं..."

"हा कसला वास?" डॉक्टर मेंग म्हणाल्या. भिंग आधीच डोळ्याला लागलं होतं.

"लोणच्याचा. मी काय म्हणत होतो, लपवणाऱ्याची गय नाही, असं मीच..."

"किती वर्षं होता खारात?"

"तीस. दर हिवाळ्यात दोन महिने, मग धुऊन वाळवायची ती. डॉक्टरबाई, माझी चूक..."

"हाडांची बाजू खाराकडे, असा पालथा ठेवायच्या?"

"हो."

बाई हसायलाच लागल्या. "काका, आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो. पातळ आम्लात बुडवायचं, धुवायचं, पुन्हा बुडवायचं. चुनखडी विरते, हाड राहतं. तुमच्या बाईंनी कुणी न सांगता केलंय! हे बघा, एक. आणि त्या पानावरची दोन. तीन झाली."

"म्हणजे?"

"म्हणजे वेगळी जात वगैरे काही नाही. आपल्या नेहमीच्याच प्राण्याचं पिल्लू."

"आणि माझी टोपी?"

"तिचं काय?"

"लपवणाऱ्याची..."

"भोंग्यावर तुम्ही आणखीही काही ओरडत होतात म्हणे. आणून देणाऱ्याचं काय होतं?"

"शिक्षा नाही," ग्वांगलू म्हणाला. हे वाक्य त्यानं हजारदा ओरडून सांगितलं होतं, पण ते आपल्यालाही लागू आहे हे त्याच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. तो खुर्चीत बसला. मग टेबलावरची टोपी उचलून त्यानं डोक्यावर घातली आणि सारखी केली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बान दारात येऊन म्हणाला, "काय रे टोपीवाल्या, माझी चूल मोडलीस आणि स्वतःचा साप लोणच्यात घातलास?"

"घातला," ग्वांगलू म्हणाला. त्या एका शब्दानं त्याला इतकं हलकं वाटलं, की त्यानं बानला मक्याची दारू पाजली आणि चुलीसाठी नदीतला चांगला दगड आणून देण्याचं कबूल केलं.

तसलाच एक दगड आश्यूच्या रांजणात गेला. महिन्याभरानं तिनं नव्यानं घातलेलं लोणचं काढलं, चाखलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मऊ पडलंय. कुरकुरीतपणा त्या सापाचाच होता की काय? विचार त्या बाईला, हिवाळ्यापुरता परत देतील का."

"चुन्याचा होता. आण इकडे."

"तुझे दात दुखतात ना?"

"राहिले दुखायचे," ग्वांगलू म्हणाला, आणि भाताचा वाडगा पुढे केला.