सर्व्हरचा मंगळवार

आष्ट्याजवळच्या आमच्या गावी विहीर एक आणि मोटरी दोन. एक आमची, दुसरी माझ्या नवऱ्याच्या काकांची. उसाला पाणी पाजायची पाळी तीन दिवस आमची, तीन दिवस त्यांची, आणि पाळी बदलते सकाळी आठला. हे कुठल्याही कागदावर नाही. सासरे गेल्यापासून आमच्या बाजूनं ती सासूबाईंच्या शब्दावर चालते.

सासूबाई गावी एकट्या राहतात. मी साताऱ्याला एका कारखान्यात सर्व्हर सांभाळते आणि नवऱ्याची नोकरी फिरतीची आहे. सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हा विहिरीवर जाऊन मोटर चालू-बंद करणं त्यांना जमेना. बाजारात मिळणारा ऑटो स्टार्टर लाईट आली की मोटर चालू करतो, पण पाळी कुणाची हे त्याला कळत नाही. फोनवरून चालणारा स्टार्टरही होता, पण शेतीची लाईट कधी येईल त्याची वाट बघत फोन हातात धरून कोण बसणार? आणि तीन दिवसांची पाळी आठवड्याच्या वारांत बसतही नाही.

मुलीचा कॉलेजातला जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर लिनक्स टाकलं आणि गावच्या घरात कपाटावर ठेवून दिला. आत चार कंटेनर. कंटेनर म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची बंद खोली, म्हणजे एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात. एक स्टार्टरशी बोलायचा, दुसरा पाळी बघून मोटर चालवायचा, तिसरा नोंद ठेवायचा, चौथ्यातून मी साताऱ्याहून सगळं बघायची. लाईट गेली आणि परत आली की चौघं आपोआप उठायचे. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला सासूबाईंचं कुलूप होतं, ते तसंच ठेवलं. दोन महिने कुणाला हात लावावा लागला नाही. मी स्वतःवर खूश होते.

उन्हाळ्यात एका बुधवारी दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्या सकाळीच गुडघे दाखवायला आष्ट्याला गेल्या होत्या आणि नुकत्याच परतल्या होत्या. काका दारात उभे होते. पाळी सकाळपासून त्यांची, पण विहिरीचं पाणी खाली गेलेलं, त्यांची मोटर हवा ओढत होती आणि आमच्या उसातल्या सऱ्या ओल्या होत्या. आमच्या मोटरला त्यांनी हात लावून पाहिला तर गरम. सासूबाई म्हणाल्या, उन्हात लोखंड गरम होणारच.

मी लगेच नोंद उघडली. मोटर मंगळवारी दुपारी दोन चाळीस ते सहा दहा चालली होती. मंगळवार आमचा. बुधवारी एक मिनिटही नाही. मी तसं ठामपणे सांगितलं. सासूबाईंनी तेच काकांना ऐकवलं आणि वर म्हणाल्या, की आम्ही तुमचं पाणी घेतलेलं नाही, हा माझा शब्द.

काका फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. फोनमधून मला त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "वैनी, तुमची सून मशीनला इचारती. तुमी हिरीत वाकून बघा."

नंतरचे दोन दिवस त्यांच्या घरून कुणी आलं नाही. दूध डेअरीवर काका चारचौघांत म्हणाले, की आता वैनीच्या शब्दाला काय अर्थ राहिला नाही. ते फिरून सासूबाईंपर्यंत आलंच. पाण्याचं त्यांना काही वाटलं नसतं. हे लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन केला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, की मंगळवारी दुपारची जेवणं झाली आणि वाऱ्यानं लाईट गेली ती, शेजारी म्हणतात, बुधवारी सकाळी साडेदहाला आली. चटणीसुद्धा पाट्यावर वाटावी लागली. मी त्यांना पुढचं बोलू दिलं, पण माझं लक्ष उडालं होतं. लाईटच नव्हती, तर मंगळवारी दोन चाळीसला मोटर चालली कशी?

अर्ध्या तासात उलगडा झाला. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी मी सुरुवातीलाच काढून टाकली होती. घड्याळ चालू ठेवणारा आतला बटणाएवढा सेलही संपलेला होता. मला ते माहीत होतं, बदलायचा राहिला होता. लाईट गेली तसं घड्याळ मंगळवारी अडीचच्या सुमारास थांबलं. बुधवारी लाईट आली, पण वाऱ्यानं तुटलेली इंटरनेटची तार दुपारी दोननंतर जोडली गेली, तोवर खरी वेळ विचारायची सोय नव्हती. सर्व्हर थांबला होता तिथूनच पुढे निघाला. त्याच्या हिशेबानं मंगळवार होता आणि पाळी आमची होती. पाणी खाली जाऊन स्टार्टर आपोआप बंद पडेपर्यंत साडेतीन तास त्यानं काकांचं पाणी उपसलं आणि नोंदही मंगळवारचीच केली.

शनिवारी पहिली एसटी धरून कऱ्हाडमार्गे गाव गाठलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्या सकाळी आठपासून पाळी आमची होती आणि मोटर चालू होती. सासूबाईंना सगळं सांगितलं. सेल आणि घड्याळ त्यांना किती कळलं ते माहीत नाही, पण मुद्दा त्यांना बरोबर कळला.

"म्हणजे आमचीच मोटर चालली?"

"हो, आत्या. चूक माझी आहे. मी जाऊन सांगते."

"शब्द मी दिला. तू कशाला जातीस?" त्या म्हणाल्या. "आदी मोटर बंद कर."

मी बंद केली. त्यांनी काठी घेतली आणि माझ्या आधी निघाल्या. दोन घरांत शंभर पावलांचं अंतर, त्याला त्यांनी दहा मिनिटं घेतली. मी हात पुढे केला तो धरला नाही.

काका सोप्यात पेपर वाचत होते. सासूबाई टेकून उभ्याच राहिल्या. "भावजी, बुधवारी आमचीच मोटर चालली. मी खोटी पडली. आजचा दिवस पाणी तुमचं."

काकांनी पेपर घडी करून ठेवला. बसायला सांगितलं, चहा टाकायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "पाणी घेतो. पण त्येवढ्यानं भागत न्हाई. उद्या परत तुज्या मशीनला मंगळवार वाटला, तर आमी काय करायचं?"

मी सेल बदलते म्हटलं. इंटरनेटवरून वेळ पक्की कळल्याशिवाय सर्व्हर मोटरला हात लावणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "त्ये तू कर. मला पेटीची किल्ली पायजे."

आमच्या स्टार्टरची किल्ली दुसऱ्या घरात कधी गेलेली नाही. सासूबाईंनी चहा संपवला, कमरेची किल्ली सोडली आणि बशीशेजारी ठेवली.

त्या दिवशी मी आष्ट्यातून सेल आणला, बसवला, आणि वेळेची अट घातली. शिवाय एक गोष्ट नव्यानं लिहावी लागली: माणसानं हातानं बंद केलेली मोटर सर्व्हरनं आपणहून चालू करायची नाही. हे आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी सकाळी आमची मोटर चालू असताना काका घराखालच्या विहिरीवर आले, पेटी उघडली आणि तांबडं बटण दाबलं. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "भावजी, आज आमची पाळी हाय!"

"चेक करतोय, वैनी. परत उठतीया का बगतो."

ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दहा मिनिटं तिथंच उभे राहिले. मोटर उठली नाही. मग त्यांनीच हिरवं बटण दाबलं आणि पेटीला कुलूप लावलं. ते ओट्यापाशी आले तेव्हा मी लॅपटॉपवर नोंद उघडली, पण वाचून दाखवण्याआधी त्यांना विचारलं, कितीला बंद केलीत?

"दहा सतरा."

नोंदीतही दहा सतराच होतं.